मरियामातेचं दर्शन पडद्यावर: एकाच सिनेमावर कॅथलिक प्रेक्षकांची इतकी वेगळी मतं कशी?

मरियामातेच्या दर्शनावरचा सिनेमा कॅथलिक माणसाला आवडणारच, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण सिनेमा संपल्यावर चार कॅथलिक प्रेक्षकांना विचारा. एक डोळे पुसत असेल. दुसरी चिडलेली असेल, कारण मरियामाता फारच साधीसुधी दाखवली. तिसऱ्याची तक्रार अशी, की सगळं दाखवलं, पण तिचा मूळ संदेश पातळ केला. चौथी दर रविवारी न चुकता चर्चमध्ये मिस्सेला जाते आणि शांतपणे सांगते, ‘सिनेमा बरा होता, पण मी त्या दर्शनावर विश्वास ठेवत नाही.’

या चौथ्या बाईचं म्हणणं ऐकून अनेकांना वाटतं, की ती मनातून अर्धवट नास्तिक असावी. तसं मुळीच नाही. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, नियमांत तिला पूर्ण जागा आहे. ती जागा कोणती हे कळलं की बाकीच्या तिघांचंही कोडं सुटायला लागतं.

कॅथलिक शिकवणीनुसार देवाला मानवजातीला जे सांगायचं होतं ते येशू ख्रिस्ताच्या ठायी पूर्णपणे सांगून झालं आहे, आणि प्रेषितांच्या काळाबरोबर ते प्रकटीकरण संपलं. त्यात पुढच्या शतकांनी भर घालायची नाही. नंतर जी दर्शनं झाली, मग ती फ्रान्समधल्या लूर्दची असोत की पोर्तुगालमधल्या फातिमाची, त्यांना ‘खाजगी प्रकटीकरण’ म्हणतात. लाखो यात्रेकरू जात असले, पोप स्वतः जाऊन गुडघे टेकून आले, तरी ते खाजगीच. अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाच्या ६७व्या परिच्छेदात हे स्वच्छ लिहिलं आहे: अशी प्रकटीकरणं श्रद्धेच्या मूळ ठेव्याचा भाग नाहीत. विशिष्ट काळात तो ठेवा अधिक नीट जगायला मदत करणं, एवढंच त्यांचं काम.

मग ‘चर्चने मान्यता दिली’ म्हणजे काय केलं? स्थानिक बिशपने चौकशी करून सांगितलं, की यात श्रद्धेच्या किंवा नीतीच्या विरुद्ध काही नाही, इथे जाहीर भक्ती करायला हरकत नाही, आणि विवेकी माणसाने यावर विश्वास ठेवला तर तो वेडेपणा नाही. विश्वास ठेवलाच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. अठराव्या शतकात पोप चौदावे बेनेडिक्ट यांनीच ही मर्यादा आखून दिली होती. मान्यता मिळालेल्या दर्शनालासुद्धा देवावरच्या श्रद्धेसारखी श्रद्धा द्यायची नसते. एखाद्या भरवशाच्या माणसाचं म्हणणं आपण मानतो तेवढंच, मानवी पातळीवरचं मानणं त्याला पुरे.

ही मान्यताही झटपट मिळत नाही. लूर्दला १४ वर्षांच्या बर्नाडेट सुबिरूला ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात १८ वेळा दर्शन झालं, आणि तार्बच्या बिशपचा निर्णय आला १८ जानेवारी १८६२ रोजी. फातिमाला तर १३ वर्षं थांबावं लागलं: दर्शनं १९१७ मधली, मान्यता १३ ऑक्टोबर १९३० ची. २०२४ च्या मे महिन्यात व्हॅटिकनने नवे नियम काढले, त्यांनी तर हात आणखी आखडला. आता चौकशीचे सहा संभाव्य निष्कर्ष आहेत. सगळ्यात अनुकूल निष्कर्षही ‘आमची हरकत नाही’ यापलीकडे जात नाही. घटना अलौकिकच होती, असं बिशप यापुढे सर्वसाधारणपणे जाहीर करणार नाहीत. पोपने खास परवानगी दिली तरच अपवाद.

आता सिनेमाकडे येऊ. ख्रिस्तसभा म्हणते, ‘हरकत नाही, विश्वास ठेवायचा तर ठेवा.’ लेखकाला हे वाक्य जसंच्या तसं लिहिता येतं. कॅमेऱ्याला येत नाही. त्याच्यासमोर ती बाई एक तर उभी असते किंवा नसते. दिग्दर्शकाने तिला दाखवलं की प्रेक्षकापुरता प्रश्न निकालात निघाला: ती होती, आपण आत्ताच पाहिली. नाही दाखवलं तर निकाल दुसऱ्या बाजूला झुकतो: मुलं हवेकडे बघून बोलत होती. कॅथलिक प्रेक्षकांचे बहुतेक वाद, माझ्या मते, या एकाच अडचणीतून निघतात. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांत ठेवायचा, की त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गर्दीत?

फातिमाची गोष्ट या बाबतीत फार गमतीची आहे. मुलं तीन: १० वर्षांची लुसिया आणि तिची आतेमामे भावंडं, फ्रान्सिस्को आणि जासिंता. लुसियाला बाई दिसायची, ऐकू यायची, आणि ती तिच्याशी बोलायची. जासिंताला दिसायची आणि ऐकू यायची, पण ती बोलली नाही. फ्रान्सिस्कोला फक्त दिसायची. तिच्या ओठातून काय निघालं ते त्याला नंतर बहिणींकडून कळायचं. म्हणजे एकाच जागी, एकाच क्षणी तीन मुलांचे तीन वेगळे अनुभव, आणि सभोवतीच्या लोकांचा चौथा. सिनेमा यातला बहुतेक वेळा लुसियाचाच अनुभव निवडतो. फ्रान्सिस्कोच्या बाजूने, आवाज पूर्ण बंद ठेवून तो प्रसंग कुणी चित्रित करावा असं मला फार वाटतं.

याच मुद्द्यावर ख्रिस्तसभेतलं एक महत्त्वाचं स्पष्टीकरण आहे. फातिमाचं तथाकथित तिसरं रहस्य, म्हणजे मुलांना मिळालेल्या संदेशाचा गुप्त ठेवलेला शेवटचा भाग, व्हॅटिकनने जून २००० मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा कार्डिनल रात्सिंगर यांनी त्यावर भाष्य लिहिलं. पुढे हेच पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. त्यांचं म्हणणं असं: लूर्द किंवा फातिमासारख्या दर्शनात जे दिसतं ते बाहेरच्या जगात झाड किंवा घर दिसावं तसं नसतं. तसं असतं तर शेजारी उभ्या असलेल्यांनाही दिसलं असतं. पण ती निव्वळ कल्पनाही नसते. माणसाच्या अंतरंगाला खरोखर काहीतरी स्पर्श करतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या समजेतून, त्याला ठाऊक असलेल्या प्रतिमांतून आकार घेतं. म्हणून द्रष्ट्याच्या वर्णनाला परलोकाचा फोटो समजू नये. दर्शन ही देऊ केलेली मदत आहे, घ्यायची सक्ती नाही, असंही त्यांनी त्यात लिहिलं.

हे नीट पचवलं तर गोष्ट अवघड होते. ख्रिस्तसभेच्या एवढ्या मोठ्या धर्मपंडिताच्या हिशेबाने १९१७ साली तिथे कॅमेरा असता तर त्यात बहुधा काहीच आलं नसतं. आणि सिनेमावाल्याला कॅमेऱ्यातूनच दाखवायचं आहे.

म्हणून मरियामाता कशी दिसली यावरून सगळ्यात जास्त कुरकुर होते. १९४३ च्या ‘द साँग ऑफ बर्नाडेट’ या हॉलिवूडच्या सिनेमात ती गुहेच्या कोनाड्यात प्रकाशात न्हालेली आहे. त्या भूमिकेतल्या लिंडा डार्नेलचं नाव श्रेयनामावलीत दिलेलं नव्हतं. बर्नाडेट झालेल्या जेनिफर जोन्सला ऑस्कर मिळालं, आणि एका आख्ख्या पिढीच्या मनात लूर्दचं चित्र तेच बसलं. मार्को पाँतेकोर्वो यांच्या २०२० च्या ‘फातिमा’त उलटी वाट आहे. तिथे जुआना रिबेरूने केलेली मरिया मुलांच्या समोर, त्यांच्या जमिनीवर, हाडामांसाची बाई वाटावी अशी येते. तेजोवलय नाही, ढग नाहीत. काही कॅथलिकांना हे फार भावलं: ती नाझरेथची आई आहे, परी नव्हे. काहींना मुळीच पटलं नाही, आणि त्यांच्या हातात पुरावा होता. लुसियाने आपल्या आठवणींत वर्णन केलं आहे ते सूर्याहून तेजस्वी, शुभ्र वस्त्रातल्या बाईचं, एका छोट्या ओकच्या झुडपावर उभी असलेली. मग सिनेमाने ते तेज का काढून घेतलं?

दोन्ही बाजूंना एक जुना प्रसंग सांगावासा वाटतो. लूर्दच्या गुहेत आज जो संगमरवरी पुतळा आहे तो लिआँचे शिल्पकार जोसेफ-ह्यूग फाबिश यांनी केला आणि १८६४ मध्ये तिथे बसवला गेला. त्यांनी बर्नाडेटला खोदून खोदून प्रश्न विचारले होते. पण तयार पुतळा पाहून ती निराश झाली, आपण पाहिलेली ही नव्हे असं तिचं मत होतं. तिने वर्णन केलेली होती तिच्याच उंचीची एक लहानशी मुलगी. शिल्पकाराने भारदस्त स्त्री घडवली. जिने पाहिलं तिचंच समाधान कलाकार करू शकला नाही, तर तिकीट काढून आलेल्यांचं कोण करणार?

दिसण्यापेक्षा खोल वाद संदेशाचा आहे. फातिमाचा संदेश गोड नाही. रोज रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना करा, पापी लोकांसाठी त्याग करा, प्रायश्चित्त करा. आणि १३ जुलै १९१७ रोजी मुलांना नरक दाखवला गेला, असं लुसियाने लिहिलं. सात वर्षांच्या पोरीला नरक! आजच्या पालकांना हे ऐकूनच अस्वस्थ वाटतं, कॅथलिक पालकांनाही. त्यामुळे दिग्दर्शक कात्रीत सापडतो. नरक गाळला तर पारंपरिक वळणाचे प्रेक्षक म्हणतात, संदेशाची नखं काढली. दाखवला तर दुसरे म्हणतात, ही तर मुलांची मानसिक छळवणूक. २०२० च्या सिनेमाने तो दाखवला, पण सगळा भर शांततेवर ठेवला. पहिल्या महायुद्धात गावातली पोरं मरताहेत, चौकात मृतांची आणि बेपत्तांची नावं वाचली जाताहेत, आणि त्या दुःखात ही दर्शनं घडतात. ऐतिहासिकदृष्ट्या हे चुकीचं नाही. पोर्तुगाल १९१६ पासून युद्धात होता, आणि युद्ध कधी संपेल हा प्रश्न मुलांनी खरोखर विचारला होता.

फातिमाच्या संदेशातला रशियाचा मुद्दा त्याहून नाजूक. वॉर्नर ब्रदर्सचा फातिमावरचा जुना सिनेमा १९५२ मध्ये आला, म्हणजे शीतयुद्धाच्या ऐन भरात. त्यात सरकारी माणसं देवाचे शत्रू म्हणून रंगवलेली आहेत, आणि अमेरिकी कॅथलिकांना त्यात साम्यवाद दिसायला वेळ लागला नाही. आता इतिहास पाहा. रशियाने पश्चात्ताप करावा, रशियाला मरियेच्या निष्कलंक हृदयाला समर्पित करावं, हा भाग लुसियाने सविस्तर लिहिला तो १९४१ च्या आठवणींत, दर्शनांनंतर २४ वर्षांनी. एदुआर दानिस या बेल्जियन जेझुइट धर्मगुरूंनी १९४० च्या दशकातच ‘जुनी फातिमा’ आणि ‘नवी फातिमा’ असा फरक केला. १९१७ च्या चौकशीत मुलांनी जे सांगितलं ते एक, आणि लुसिया मठात गेल्यावर पुढे जे लिहिलं गेलं ते दुसरं. त्यावर कॅथलिकांतच मोठा वाद झाला, आणि तो अजून विझलेला नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ मध्ये समर्पण केलं, आणि ते मान्य झाल्याचं लुसियाने पुढे सांगितलं. तरी रशियाचं नाव घेऊन ते झालं नाही म्हणून एक गट अडून बसला होता. मार्च २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रशिया आणि युक्रेन अशी दोन्ही नावं घेऊन समर्पण केलं. अशा प्रेक्षकासाठी सिनेमात रशियाचा उल्लेख किती सेकंद आला हा पटकथेच्या लांबीचा प्रश्न राहत नाही. दिग्दर्शक कोणत्या गटाचा, याची ती खूण ठरते.

आता आईकडे वळू. कॅथलिक प्रेक्षकांतल्या बायकांना, विशेषतः ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना, मरियामातेपेक्षा लुसियाची आई मारिया रोझा जास्त जवळची वाटते, असं मी अनेकदा पाहिलं आहे. ती स्वतः भक्त. मुलगी खोटं बोलते याचीच तिला भीती, कारण खोटं बोलणं पाप. लुसियाच्या आठवणींत आईचा मार आहे, केरसुणीचा दांडा आहे. पॅरिशचे, म्हणजे गावच्या चर्चचे, फादर फेरैरा यांनी हा सैतानाचा डाव असू शकेल असं सुचवलं, आणि त्या शंकेने लुसिया स्वतःच जुलैच्या दर्शनाला जावं की नाही अशी घुटमळली होती. म्हणजे पहिला संशय नास्तिकांचा नव्हता. तो घरातून आणि चर्चमधून आला. २०२० च्या सिनेमात लुसिया मोनीझने ही आई फार ताकदीने उभी केली आहे. त्या सिनेमातली माझ्या दृष्टीने सर्वांत खरी व्यक्तिरेखा हीच.

उलट, नास्तिक माणूस सिनेमात आणला की पटकथा हमखास लंगडी होते. १९४३ मध्ये व्हिन्सेंट प्राइसने केलेला सरकारी वकील द्युतूर शेवटी आजारी अवस्थेत गुहेपाशी येतो आणि बर्नाडेटला आपल्यासाठी प्रार्थना करायला विनवतो. १९५२ मध्ये ह्यूगो नावाचा एक काल्पनिक, बेरकी पण प्रेमळ गडी घुसवला. २०२० मध्ये हार्वी कायटेलचा प्राध्यापक १९८९ साली कोइंब्राच्या मठात वृद्ध लुसियाला प्रश्न विचारतो, तोही काल्पनिक. काही कॅथलिकांना हा प्राध्यापक नकोसा वाटतो: आमच्या सिनेमात यांना कशाला माइक? मला तो खटकतो वेगळ्या कारणाने. त्याचे प्रश्न बेतलेले आहेत, जेमतेम उत्तर देता येईल एवढेच. खऱ्या चौकशी समितीने मुलांना विचारलेले प्रश्न याहून जास्त बोचरे होते. फातिमाजवळच्या वूरेंचा प्रशासक आर्तुर द ऑलिव्हेरा सांतोस हाही इतिहासातला खरा माणूस. १३ ऑगस्ट १९१७ ला त्याने मुलांना उचलून नेलं आणि दोन दिवस ठेवलं. उकळत्या तेलाची धमकी दिली, असं लुसियाने लिहिलं. नव्या सिनेमात तो पेचात सापडलेला माणूस वाटतो. काहींनी हा मवाळपणा मानला, काहींना त्यामुळेच गोष्ट खरी वाटली.

सूर्याचा चमत्कार मात्र कॅमेऱ्याला वेगळी सूट देतो. १३ ऑक्टोबर १९१७ ला फातिमाजवळच्या, पावसात भिजलेल्या कोवा दा इरियाच्या माळावर हजारो लोक जमले होते. अंदाज ३०,००० पासून ७०,००० पर्यंत आणि त्याहूनही वर जातात. ‘ओ सेक्युलू’ या चर्चधार्जिण्या नसलेल्या वर्तमानपत्राचे आव्हेलिनू द आल्मेइदा तिथे होते, आणि सूर्य थरथरताना, विचित्र हालचाल करताना लोकांनी पाहिल्याचं त्यांनी छापलं. इथे दृश्य गर्दीच्या डोळ्यांनी दाखवता येतं. पण गर्दीतही सगळ्यांनी एकच पाहिलं नाही, काहींना काहीच दिसलं नाही, आणि जगातल्या कोणत्याही वेधशाळेने सूर्य जागचा हलल्याची नोंद केली नाही. स्टॅन्ली याकी हे बेनेडिक्टाइन धर्मगुरू आणि भौतिकशास्त्राचे अभ्यासक. बर्फकणांनी भरलेल्या हवेने भिंगासारखं काम केलं असावं, असा तर्क त्यांनी मांडला. नेमक्या त्या दिवशी, आधी सांगून ठेवलेल्या वेळी ते घडणं हाच त्यांच्या मते चमत्कार. सिनेमात सूर्य गरगर फिरताना पाहून जो कॅथलिक अस्वस्थ होतो, तो बहुधा याकींच्या बाजूचा असतो.

दर्शन मुळीच न दाखवणारे सिनेमे कॅथलिकांना रुचत नाहीत, हा समजही खोटा. जेसिका हाउस्नर यांच्या २००९ च्या ‘लूर्द’मध्ये व्हीलचेअरवरची एक तरुणी यात्रेत अचानक उभी राहते, चालते, आणि हा चमत्कार आहे की नाही हे सिनेमा सांगतच नाही. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला कॅथलिक संप्रेषण संघटनेचा ‘सिग्निस’ पुरस्कार मिळाला, आणि इटलीतल्या नास्तिक संघटनेचाही. शेजारी-शेजारी! झाव्हिए जियानोली यांचा २०१८ चा फ्रेंच ‘लापारिस्याँ’ तर चौकशी समितीचीच गोष्ट आहे. व्हॅटिकन एका पत्रकाराला एका मुलीच्या दाव्याची छाननी करायला पाठवतं. कागद, साक्षी, वैद्यकीय तपासणी, मेणबत्त्या विकणारे, मुलीभोवती कोंडाळं करणारा धर्मगुरू. ख्रिस्तसभेचं काम प्रत्यक्षात असंच कंटाळवाणं आणि संशयी असतं. पैसा, सत्ता, प्रसिद्धी यांचा वास आला तर तो प्रतिकूल मुद्दा मानावा, हे २०२४ च्या नियमांतही आहे.

थट्टा मात्र खपत नाही, आणि संशय व थट्टा यांच्यातली रेघ कुठे, यावर कॅथलिक एकमताचे कधीच नव्हते. इटालियन दिग्दर्शक रोसेलिनींच्या ‘द मिरॅकल’मध्ये एका भोळ्या बाईला रस्त्यावरचा अनोळखी माणूस संत योसेफ, म्हणजे मरियेचा पती, वाटतो आणि ती गरोदर राहते. न्यूयॉर्कमध्ये कार्डिनल स्पेलमन यांनी त्याविरुद्ध जाहीर आवाहन केलं, चित्रपटगृहासमोर निदर्शनं झाली, परवाना रद्द झाला. मे १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली आणि सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे असं ठरवलं. त्याच वर्षी वॉर्नरचा फातिमा झळकला. त्या गदारोळातही काही कॅथलिक विचारवंत रोसेलिनींच्या बाजूने बोलले होते.

राहिला एक व्यावहारिक प्रश्न, जो फक्त कॅथलिक प्रेक्षकालाच पडतो: मान्यता नसलेल्या दर्शनावरचा सिनेमा बघावा का? स्पेनमधल्या गाराबांदाल गावात १९६१ ते १९६५ दरम्यान चार मुलींना दर्शन झाल्याचा दावा होता. सांतांदेरच्या बिशपांनी तो अलौकिक असल्याचं कधी मानलं नाही. तरी २०१८ मध्ये त्यावर सिनेमा निघाला आणि पॅरिशच्या सभागृहांत दाखवला गेला. नियमाने बंदी नाही. अशा दर्शनांवरचं लिखाण आधी मंजूर करून घ्यायची जुनी अट पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्येच काढून टाकली. पण सिनेमा मान्यतेचं वातावरण मान्यतेआधीच तयार करतो, आणि सावध धर्मगुरू त्यालाच कचरतात. बोस्नियातल्या मेजुगोर्येवरचा ‘गोस्पा’ १९९५ चा, मार्टिन शीन त्यात स्थानिक धर्मगुरू. १९८१ मध्ये सुरू झालेल्या त्या दर्शनांबद्दल तेव्हा व्हॅटिकनने काहीच ठरवलं नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हरकत नाही’ असा निर्णय आला, पण तो तिथल्या भक्तीपुरता आणि तिच्या आध्यात्मिक फळांपुरता. तो सिनेमा आज पाहणाऱ्या कॅथलिक माणसाला मेजुगोर्येच्या यात्रेला जायची आता उघड मुभा आहे. त्या सहा मुलांना खरंच कोण दिसलं, हे व्हॅटिकनने त्यालाही सांगितलेलं नाही.